मिशनला पाठिंबा (मंडळीच्या पैशावर चालणारं मिशनरी काम)

एखाद्या चर्चची मंडळी आपल्या अर्पणातून, दशमांशातून (मिळकतीचा दहावा भाग) किंवा वेगळी वर्गणी काढून दुसरीकडे काम करणाऱ्या मिशनरीचा पगार, प्रवास, शाळा-दवाखान्याचा खर्च उचलते, त्याला मिशनला पाठिंबा देणं म्हणतात. हा मिशनरी शेजारच्या तालुक्यातला सुवार्तिक (येशूचा संदेश सांगत फिरणारा) असू शकतो नाहीतर सातासमुद्रापार गेलेला डॉक्टर. आपल्याकडे मिशनरी म्हटलं की गाडी लगेच धर्मांतरावर येते आणि तिथेच थांबते, पण पैसा कोण देतंय आणि कुठल्या अटीवर देतंय हे पाहिलं नाही तर काही मिशनने शाळा का काढल्या, काहींनी त्या मध्येच बंद का केल्या, याचा पत्ताच लागत नाही.

जुन्या काळी पैसा राजाचा असायचा. गोव्यात पोर्तुगालच्या राजाकडे पाद्रुआदो नावाचा हक्क होता, म्हणजे चर्चचा खर्च राजाने करायचा आणि बदल्यात बिशप कोण होणार यात त्याचा शब्द चालायचा. याला मोठा अपवाद म्हणजे बाणावलीचे फादर जोसेफ वाझ (१६५१–१७११). डचांनी सिलोनमध्ये (आजच्या श्रीलंकेत) कॅथलिक पाद्रींना बंदी केलेली असताना १६८७ मध्ये ते गरीब मजुराच्या वेशात तिथे शिरले, मागे कुठल्या सरकारचं बळ नाही, आणि कँडीतच वारले. २०१५ मध्ये कोलंबोत त्यांना संत घोषित केलं. आपल्या मातीतून परदेशी गेलेला मिशनरी असतो हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं.

सामान्य माणसाच्या चिल्लरवर मिशन चालवायची पद्धत जोरात आली ती एकोणिसाव्या शतकात. फ्रान्समध्ये लियोंला पोलिन जॅरिको या तरुणीने दहा-दहा जणांचे गट करून आठवड्याला एक सू (किरकोळ किमतीचं नाणं) गोळा करायला लावला, त्यातून १८२२ मध्ये संस्थाच उभी राहिली, आणि आजही ऑक्टोबरमधल्या मिशन रविवारी कॅथलिक चर्चमध्ये जमणारं दान जगभरातल्या मिशनसाठी जातं. प्रॉटेस्टंटांमध्ये मराठी मुलखाशी थेट नातं आहे ते १८१० मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्डाचं, म्हणजे परदेशी मिशनरी पाठवणाऱ्या संस्थेचं. त्यांचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले तेव्हा ईस्ट इंडिया कंपनी त्यांना परत पाठवायच्या मागे होती, पण त्याच वर्षीच्या चार्टर अॅक्टने (कंपनीच्या कारभारासाठी ब्रिटिश संसदेने केलेल्या कायद्याने) मिशनऱ्यांना दार उघडलं. हेच पुढे अमेरिकन मराठी मिशन झालं. १८३१ पासून अहमदनगर हे त्याचं मोठं ठाणं आणि १८४२ मध्ये तिथूनच ज्ञानोदय हे नियतकालिक निघालं.

पैशाची व्यवस्था अशी होती की न्यू इंग्लंडमधल्या (अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या) खेड्यापाड्यातली चर्च बोस्टनच्या बोर्डाला पैसे पाठवायची, बोर्ड मिशनरीला ठरलेला पगार द्यायचं, आणि मिशनरीने बदल्यात पत्रं लिहायची. ती पत्रं मिशनरी हेरल्ड या मासिकात छापून यायची आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारच्या प्रार्थनासभेत वाचली जायची. म्हणजे नगरच्या दुष्काळाची बातमी व्हरमाँटच्या शेतकऱ्याला कळायची, आणि पत्र चटका लावणारं असेल तर दानपेटी जड व्हायची, त्यामुळे या पत्रांत हिंदुस्थान जरा जास्तच काळा रंगवलेला असतो हे वाचताना ध्यानात ठेवलेलं बरं. लहान मुलंही यातून सुटली नव्हती, पॅसिफिक महासागरातल्या मायक्रोनेशिया बेटांवरच्या मिशनसाठी १८५६ मध्ये बांधलेलं मॉर्निंग स्टार जहाज मुलांनी दहा-दहा सेंटचे शेअर घेऊन उभं केलं होतं. १८६८ मध्ये बायकांनी बोस्टनमध्ये आपलं वेगळं बोर्ड काढलं आणि अविवाहित मिशनरी बायकांना पाठवणं सुरू केलं. त्याच्या कितीतरी आधी, १८२७ मध्येच, सिंथिया फेरार या अविवाहित मिशनरी मुंबईत आल्या होत्या. पुढे नगरला त्यांनी चालवलेल्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले पुण्याला परतले आणि १८४८ मध्ये त्यांनी स्वतःची शाळा काढली.

पण देणाऱ्याचं धोरण बदललं की इथलं काम बदलायचं. बोर्डाचे सेक्रेटरी रूफस अँडरसन यांचं म्हणणं असं की स्थानिक मंडळीने आपला कारभार, आपला खर्च आणि आपला प्रसार स्वतःच करावा, गोऱ्या मिशनरीने शेवटी निघून जावं. १८५४-५५ मध्ये ते स्वतः येऊन गेले आणि इंग्रजी शाळांवरचा खर्च आखडला, दुसरीकडे हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळक (मंडळीचे धर्मगुरू) म्हणून दीक्षा मिळाली. तत्त्व चांगलं होतं हो, पण इंग्रजी शिकून नोकरी मिळवू पाहणाऱ्या पोरांना विचारायला कोण गेलं होतं!

पंडिता रमाबाईंची गोष्ट याहून गुंतागुंतीची. बोस्टनमध्ये १८८७ मध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षं पैसे द्यायचं कबूल केलं, पण शारदा सदनात (रमाबाईंच्या विधवांसाठीच्या निवासी शाळेत) धर्मप्रचार करायचा नाही या अटीवर. १८८९ मध्ये सदन सुरू झालं आणि १८९३ मध्ये मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात म्हणून पुण्यात वादळ उठलं, रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडलं. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं ते उघडपणे ख्रिस्ती. नारायण वामन टिळकांनी तर गाठच कापली, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ मध्ये अमेरिकन मिशनची पगारी नोकरी सोडून संन्यास घेतला आणि देवाचा दरबार नावाची येशूभक्तांची मंडळी सुरू केली, कारण परक्या पैशावर चालणारं ख्रिस्तीपण इथल्या मातीत रुजत नाही असं त्यांना वाटत होतं. मिरजेला मिशनरी डॉक्टर वानलेस यांच्या दवाखान्यात (१८९४) ऐपतवाल्यांकडून फी घेऊन गरिबांचा खर्च भागवायची सोय होती, तीही परावलंबन कमी करायचीच एक वाट.

देशातल्या देशात पाठिंबा देण्याची सुरुवात काही आजकालची नाही. १९०५ च्या नाताळात श्रीरामपूरला (बंगालमधलं, आपलं नव्हे) राष्ट्रीय मिशनरी संस्था निघाली, भारतीय माणसं आणि भारतीय पैसा हे तिचं सूत्र. मिझोरममध्ये १९१० पासून बायका रोज स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढतात, ते चर्चमध्ये गोळा होऊन विकले जातात आणि त्यातून राज्याबाहेरच्या मिशनरींचा खर्च निघतो. आपल्याकडे बऱ्याच मराठी मंडळ्यांत हंगामाच्या सणाला असंच काहीतरी होतं, ज्वारीची कणसं, भोपळा, गावरान कोंबडी, घरचं तूप वेदीपुढे मांडतात आणि उपासनेनंतर लिलाव लागतो, पन्नास रुपयांचा भोपळा चढाओढीत पाचशेला जातो आणि घेणारा तो परत लिलावाला देतो, मग पुन्हा बोली.

परदेशी पैशाचं गणित आता पार बदललंय. विदेशी देणगी नियमन कायद्याखाली नोंदणी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच आधी यावा लागतो, तो दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, ऑफिसखर्चाला २० टक्क्यांची मर्यादा. मोठ्या संस्थेकडून छोट्या गावातल्या कामाला पैसे जायची वाट त्यामुळे बंद झाली, आणि खेड्यातल्या पाळकाचा पगार आता बहुतेक स्थानिक दानपेटीवरच ठरतो.