शालेय शिक्षणातील मुक्त शैक्षणिक संसाधने

जे अध्ययन-अध्यापन साहित्य सार्वजनिक अधिकारक्षेत्रात आहे, म्हणजे ज्यावर कोणाचा स्वामित्वहक्क नाही, किंवा जे वापरण्या-बदलण्याची मुभा देणाऱ्या खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध झाले आहे, त्याला मुक्त शैक्षणिक संसाधने म्हणतात. पाठ्यपुस्तके, स्वाध्याय, प्रश्नपेढ्या, चित्रफिती, संगणकावरचे आभासी प्रयोग हे सारे त्यात येते. ही संज्ञा २००२ मध्ये युनेस्कोने भरवलेल्या परिषदेत पुढे आली. तेथील चर्चा उच्च शिक्षणाची होती. शाळांचा विचार नंतर सुरू झाला. २०१९ मध्ये युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने या विषयावरची शिफारस स्वीकारली.

महाजालावर फुकट दिसणारे बरेचसे साहित्य या व्याख्येत बसत नाही. या क्षेत्रातील अमेरिकी अभ्यासक डेव्हिड वायली यांनी वापरणाऱ्याचे पाच हक्क मांडले आहेत : प्रत कायम जवळ ठेवणे, वापरणे, बदलणे, इतर साहित्यात मिसळणे आणि पुढे वाटणे. शाळेसाठी यातला बदलण्याचा हक्क सर्वांत मोलाचा. अवघड वाक्य सोपे करणे, मुलांच्या ओळखीची उदाहरणे घालणे, धडा त्यांच्या घरच्या भाषेत आणणे ही शिक्षकाची रोजची गरज असते आणि सर्व हक्क राखीव असलेल्या पुस्तकाची अशी सुधारित प्रत काढून वाटणे सहसा परवानगीवाचून शक्य नसते. क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेच्या तयार परवान्यांपैकी रूपांतरास मनाई करणारे परवाने त्यामुळेच या व्याख्येबाहेर राहतात. पण परवाना खुला असून भागत नाही, फाइलही बदलण्याजोगी लागते. स्कॅन केलेल्या पीडीएफमधले एक समीकरण दुरुस्त करायचे तर बहुधा पान नव्याने टाइप करावे लागते.

तंत्रज्ञानातील बदलांचा परिणाम इथे थेट जाणवतो. ॲडोबी कंपनीने २०२० च्या अखेरीस ब्राउझरमध्ये ॲनिमेशन चालवणाऱ्या आपल्या ‘फ्लॅश’ प्रणालीचा आधार काढून घेतल्यावर अनेक शैक्षणिक खेळ आणि ॲनिमेशने निकामी झाली. भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पाने मात्र आपले अनेक आभासी प्रयोग एचटीएमएल-५ या वेबपानांच्या खुल्या मानकात नव्याने बांधले. ते आज मोबाइलच्या ब्राउझरवरही चालतात. जिथे इंटरनेट पोहोचत नाही तिथे ‘कोलिब्री’सारखी प्रणाली शाळेतल्याच एका संगणकावरून सर्व मुलांना धडे पुरवते. दक्षिण आफ्रिकेत ‘सियावुला’ या तेथील शैक्षणिक संस्थेची गणित-विज्ञानाची खुली पुस्तके सरकारने छापून वाटली. कागदही या चळवळीचे माध्यम आहे, हे तंत्रज्ञानाच्या चर्चेत फार लवकर विसरले जाते.

यंत्रानुवादामुळे भाषांतराचा वेग वाढला आहे. परिभाषा तपासायला विषयशिक्षक लागतोच. त्याच्या या कामाला वेळ आणि मोबदला मिळाला नाही, तर साहित्य लवकर जुने पडते.