फ्रीव्हील की कॅसेट : गोंधळाचं मूळ

साताऱ्यात यवतेश्वरचा घाट रोज चढणाऱ्या सायकलचं जुनं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावर आट्यांनी बसणारा दातेरी चकत्यांचा गठ्ठा, सहजासहजी सुटत नाही, कारण पॅडलचा प्रत्येक जोर ते आणखी आवळतो. मागच्या हबला (चाकाच्या मधल्या भागाला) १.३७५ इंच व्यासाचे, इंचाला २४ असे उजवे आटे. त्यावर रॅचेटसकट (पॅडल थांबलं तरी चाक फिरू देणारी यंत्रणा) आख्खा गठ्ठा फिरवून बसवायचा, ही रचना विसाव्या शतकाच्या आरंभापासूनची. एका चकतीला ती उत्तम.

अडचण चकत्या वाढल्यावर आली. सहा-सात चकत्यांचा गठ्ठा आला, पण उजवीकडचे छर्रे गठ्ठ्याच्या आत, हबजवळच राहिले. तिथून बाहेरचा एक्सल आधाराविना लांबला. खड्ड्यात तो नेमका तिथेच वाकतो किंवा तुटतो. जपानी कंपनी शिमानोने १९७८ मध्ये रॅचेट हबमध्येच घेतलं आणि छर्रे बाहेरच्या टोकाला नेले. चकत्या खाचांवर सरकवायच्या, हीच कॅसेट. पण सुरुवातीला शेवटची चकतीच आट्यांवर बसून बाकीच्या दाबून धरायची, म्हणून सोडवायला चेनचे दोन पाने (चेनचा तुकडा लावलेले, चकती धरायचे) लागत. १९८९च्या सुमारास शिमानोची हायपरग्लाइड रचना आली तेव्हा चकत्या दाबून धरायला वेगळी आट्यांची रिंग, म्हणजे लॉकरिंग, आली.

स्वस्त सायकलींवर सात चकत्यांचं फ्रीव्हील आजही येतं, त्यामुळे एकाच दुकानात दोन्ही भेटतात. ओळखायला चाक काढा आणि चकत्या उलट्या फिरवा. मधला खाचांचा भाग सोबत फिरला तर कॅसेट, जागीच राहिला तर फ्रीव्हील. सर्वांत लहान चकती ११ दातांची असेल तर बहुतेक वेळा कॅसेटच.

फ्रीव्हील आणि कॅसेट सोडवायच्या शिमानोच्या दोन्ही टूलना १२ खाचा, व्यासही जवळपास सारखा. चुकीचं टूल बसल्यासारखं वाटतं आणि खाचा खातं. कॅसेटला मोठी चकती चेनच्या पान्याने धरावी लागते, नाहीतर लॉकरिंग डावीकडे फिरवताना ती नुसती फिरते. फ्रीव्हीलला हा पाना लागत नाही. टूल एक्सलच्या नटने किंवा क्विक रिलीजने (चाक झटपट काढायच्या खटक्याच्या दांड्याने) हलकं दाबून धरा, वाइसमध्ये अडकवा आणि चाकच स्टिअरिंगसारखं डावीकडे वळवा. पहिला झटका सुटला की नट लगेच ढिला करायचा. तो तसाच ठेवून फिरवलं तर टूल नटावर दाबलं जाऊन नट किंवा क्विक रिलीज खराब होतं. टूल न दाबता जोर लावला तर खाचा गोल होतात, मग छिन्नी-हातोड्याशिवाय इलाज उरत नाही.

फ्रीव्हील परत बसवताना आट्यांना ग्रीस लावा, विशेषतः हब अॅल्युमिनियमचा असेल तर. कॅसेटची लॉकरिंग आवळायला शिमानो साधारण ३० ते ५० न्यूटन-मीटर जोर सांगते.