मारहाणीचे खटले आणि प्ली बार्गेनिंग

बांधावरून मारामारी होते, दोन्हीकडून फिर्यादी पडतात आणि वर्ष-दोन वर्षांत जाणती माणसं मध्ये पडून प्रकरण मिटवतात. मग कोर्टात साक्षीदार एकामागून एक फितूर होतात. ही रीत जुनी. गुन्हा कबूल करून शिक्षा कमी करून घेण्याला, म्हणजे प्ली बार्गेनिंगला, मात्र कायद्याची मान्यता मिळायला २००६ साल उजाडलं.

त्याआधी सर्वोच्च न्यायालयाला हा प्रकार मुळीच मान्य नव्हता. १९७६ मध्ये महाराष्ट्रातल्याच खाद्यतेल भेसळीच्या खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी त्यावर कोरडे ओढले. १९८० मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात न्या. भगवती यांनी तो घटनाबाह्य ठरवला. अडचण व्यवहारातलीही होती. थोडक्यात सुटका होईल म्हणून आरोपी खालच्या कोर्टात कबुली द्यायचा आणि वरचं कोर्ट त्याच कबुलीवर शिक्षा वाढवायचं. १९८३ मध्ये न्यायालयाने याला घटनेच्या कलम २१ चा, म्हणजे जीवित आणि स्वातंत्र्याच्या हक्काचा, भंग म्हटलं.

विधी आयोगाचं मत वेगळं होतं. तुंबलेले खटले आणि कच्च्या कैद्यांनी भरलेले तुरुंग पाहून आयोगाने १९९१ आणि १९९६ च्या अहवालांत ही पद्धत सुचवली. २००३ मध्ये फौजदारी न्यायव्यवस्थेतल्या सुधारणांसाठी नेमलेल्या मलिमथ समितीने तिला दुजोरा दिला. ५ जुलै २००६ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेत त्यासाठीचं प्रकरण २१-अ लागू झालं. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २८९ ते ३०० ने घेतली.

अमेरिकेत सरकारी वकील कलमच उतरवून देतो. आपल्याकडे घासाघीस होते ती शिक्षेवर आणि भरपाईवर. तीही सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांतच; स्त्री किंवा बालकाविरुद्धचा गुन्हा असेल तर दार बंद. मारहाणीत हे सगळं ठरतं दवाखान्याच्या दाखल्यावर आणि हत्यारावर. बुक्कीने बोटाचं हाड मोडलं तर ती जबर दुखापत, भारतीय न्याय संहितेचं कलम ११७(२), सात वर्षांपर्यंत शिक्षा, म्हणून अर्ज चालतो. तेच हाड कोयत्याने मोडलं तर कलम ११८(२), कमाल शिक्षा जन्मठेप, म्हणून अर्ज चालत नाही.

अर्ज आरोपीनेच करायचा. सोबत प्रतिज्ञापत्र लागतं: अर्ज स्वखुशीने केला आहे, शिक्षा किती होऊ शकते ते समजलं आहे आणि याच गुन्ह्यात पूर्वी शिक्षा झालेली नाही. न्यायाधीश आरोपीला एकट्याला, बंद दालनात विचारतात. फिर्यादी पक्ष बाहेर थांबतो. त्यानंतर पोलीस केसमध्ये सरकारी वकील, तपास अधिकारी, आरोपी आणि जखमी एकत्र बसून औषधपाण्याचा खर्च आणि भरपाई ठरवतात. नव्या कायद्याने त्याला ६० दिवस दिले आहेत. परिवीक्षा, म्हणजे चांगल्या वर्तनाच्या हमीवर सुटका, देण्याजोगी असेल तर कोर्ट तीही देऊ शकतं. नाहीतर किमान शिक्षा नसलेल्या गुन्ह्यात कमाल शिक्षेच्या एक चतुर्थांश, आणि पहिलाच गुन्हा असेल तर एक षष्ठांश. म्हणजे ११७(२) मध्ये २१ महिने किंवा १४ महिने. कच्च्या कैदेचे दिवस त्यातून वजा होतात. या निकालावर अपील नाही. उच्च न्यायालयात रिट किंवा सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका एवढंच उरतं.

एवढी सोय असूनही मारहाणीत ही वाट कमी चालली, कारण शेजारीच तडजोडीचा रस्ता आहे. तडजोड झाली की आरोपी निर्दोष सुटतो. इथे दोषी असा शिक्का बसतो, आणि नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत तोच नडतो. साधी दुखापत आपसात मिटते, जबर दुखापत कोर्टाच्या परवानगीने. मधल्या मधे धोकादायक हत्याराने केलेली दुखापत, जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३२४, तडजोडीच्या यादीतून ३१ डिसेंबर २००९ पासून बाहेर पडली. प्ली बार्गेनिंगचा खरा उपयोग तिथे होता. पण फिर्यादीचं मन वळलं की पक्षकार गुन्हा रद्द करून घ्यायला थेट उच्च न्यायालय गाठतात.

आता आणखी एक फास आहे: अर्ज आरोप निश्चित झाल्यापासून ३० दिवसांत यायला हवा. जुन्या कायद्यात अशी मुदत नव्हती. बांधावरची भांडणं एवढ्या लवकर निवत नाहीत. दोन्ही बाजू थकतात ती साक्षीची समन्सं निघू लागल्यावर, आणि तोवर मुदत गेलेली असते. बोलणी फिसकटली तर खटला अर्ज आला त्या टप्प्यापासून पुढे चालतो. अर्जात दिलेली कबुली इतर कशासाठी वापरता येत नाही, एवढं संरक्षण कायद्याने ठेवलं आहे.