जर्मनीचा व्हिसा: फिरायला, शिकायला की नोकरीला, कुठला अर्ज आणि कुठले कागद

जर्मनीच्या व्हिसाबद्दल कुणी विचारलं की मी आधी एकच विचारतो, तिथं जाऊन करायचं काय आहे. कारण टुरिस्ट व्हिसावर जायचं आणि तिथं ॲडमिशन किंवा नोकरी मिळाली की तोच बदलून घ्यायचा, असं बरेच जण धरून चालतात. भारतीय पासपोर्टवर असं होत नाही, परत येऊन पहिल्यापासून नॅशनल व्हिसाचा, म्हणजे शिक्षण-नोकरीसाठीच्या लांब मुदतीच्या व्हिसाचा, अर्ज भरावा लागतो. तेव्हा व्हिसा कुठला ते आधी ठरवा, कागदांची पळापळ नंतर.

फिरायला किंवा पोराबाळांना भेटायला जायचं असेल तर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा थोड्या मुदतीचा व्हिसा. 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, मोठ्या माणसाची फी 90 युरो, 6 ते 12 वर्षांच्या मुलांची 45, आणि अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो. पासपोर्ट गेल्या 10 वर्षांतला हवा, परतीच्या तारखेनंतर 3 महिने तरी चालणारा, दोन पानं कोरी. किमान 30,000 युरोचा ट्रॅव्हल इन्शुरन्स, विमान आणि हॉटेलचं बुकिंग, बँक स्टेटमेंट, सॅलरी स्लिप, आयटीआर, ऑफिसचं रजेचं पत्र. युरोपात चार देश फिरणार असाल तर जिथं सगळ्यात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, लवकर अपॉइंटमेंट मिळते म्हणून भलत्याच देशाकडे नाही. आईवडील मुलाकडे चाललेत आणि खर्च मुलगाच करणार असेल, तर त्याने तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून हमीपत्र काढून मूळ प्रत इकडे पाठवायची. निवृत्त माणसाकडे सॅलरी स्लिप नसते, त्यामुळे हे हमीपत्र, पेन्शनचे कागद आणि इथं घर-जमीन असल्याचा पुरावा यावरच अर्ज उभा राहतो, हे नीट लावा.

आता शिक्षण, पुण्यातनं सगळ्यात जास्त प्रश्न याचेच. इथं पहिला कागद म्हणजे एपीएस सर्टिफिकेट. 1 नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना ते सक्तीचं आहे, फी 18,000 रुपये, तुमच्या मार्कशीट आणि डिग्री खऱ्या आहेत का ते दिल्लीचं एपीएस ऑफिस तपासतं. ॲडमिशन लेटर आलं की करू म्हणून थांबू नका, बऱ्याच युनिव्हर्सिटी अर्जाबरोबरच ते मागतात, आणि एकदा मिळालं की त्याला मुदत नाही, मग उशीर कशासाठी करायचा? हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबरात सुरू होतं, बऱ्याच ठिकाणी अर्जाची शेवटची तारीख 15 जुलै असते, काही ठिकाणी त्याच्याही खूप आधी.

नावाचं जरा सांभाळा. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, पासपोर्टवर क्रम वेगळा, कधी वडिलांचं नावच नाही, आणि डिग्रीवर तिसरंच स्पेलिंग. सगळे अर्ज पासपोर्टवर आहे तसंच नाव टाकून भरा. स्पेलिंगची चूक युनिव्हर्सिटीकडून आधीच दुरुस्त करून घ्या, लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला जोडा.

दुसरी मोठी गोष्ट पैसे. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे सगळे पैसे एकदम काढता येत नाहीत अशा खात्यात, वर्षाचे 11,904 युरो दाखवायचे, म्हणजे महिन्याला 992, आणि तिथं पोचल्यावर तेवढेच दर महिन्याला हातात येतात. ही फी नाही, पैसे तुमचेच. सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नसते, पण बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात आपल्यासारख्यांना सेमिस्टरला 1,500 युरो आहेत, म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही फी सुरू केलीय, तेव्हा 'जर्मनीत शिक्षण फुकट' ऐकून बजेट करू नका. शिकताना वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करता येतं, पण पार्टटाइमच्या भरवशावर कर्जाचा हप्ता ठरवणं मला अजिबात पटत नाही. शिवाय ॲडमिशन लेटर, हेल्थ इन्शुरन्स, भाषेचं सर्टिफिकेट, सीव्ही, हाच कोर्स का घेताय याचं पत्र. ते पत्र स्वतः लिहा, एजंटाचं तयार पत्र दहा जणांच्या फाइलमध्ये तेच असतं. व्हिसा फी 75 युरो. फॉर्म आणि कागद आता जर्मन परराष्ट्र खात्याच्या कॉन्सुलर सर्व्हिसेस पोर्टलवर ऑनलाइन जातात, बोटांचे ठसे आणि मूळ कागदांसाठी मात्र स्वतः जावं लागतं. बारावीनंतर थेट जायचं असेल तर नुसती बारावी सहसा पुरत नाही, इथं डिग्रीचं एक वर्ष किंवा जेईई ॲडव्हान्स पास, नाहीतर तिथलं श्टुडिएनकोलेग, म्हणजे युनिव्हर्सिटीआधीचा तयारीचा कोर्स.

नोकरी हातात असेल तर ब्लू कार्ड, म्हणजे डिग्रीवाल्यांसाठी तिथं राहून नोकरी करायचा परवाना. 2025 मध्ये पगाराची अट वर्षाला किमान 48,300 युरो होती, आयटी-इंजिनिअरिंगसारख्या टंचाईच्या क्षेत्रात 43,759.80, आणि हा आकडा दर जानेवारीत बदलतो. डिग्री ॲनाबिन नावाच्या परदेशी डिग्र्यांच्या जर्मन डेटाबेसमध्ये बघायची, कॉलेजचं नाव नको, युनिव्हर्सिटीचं शोधा, तिच्यापुढे एच प्लस, म्हणजे मान्यता असल्याची खूण, असली पाहिजे आणि डिग्रीही समकक्ष हवी.

नोकरी नसेल तर 1 जून 2024 पासून सुरू झालेलं अपॉर्च्युनिटी कार्ड, म्हणजे एक वर्षापर्यंत तिथं राहून नोकरी शोधायची, आठवड्याला 20 तास पार्टटाइम चालतं. डिग्री किंवा दोन वर्षांचं मान्यताप्राप्त प्रशिक्षण हवं, भाषेत जर्मन ए1 (सगळ्यात खालची पातळी, पुढे ए2, बी1, बी2) किंवा इंग्लिश बी2, आणि वर वय, अनुभव, भाषा वगैरेंचे मिळून 6 गुण. समजा 29 वर्षांचा मेकॅनिकल इंजिनिअर आहे, गेल्या पाच वर्षांत त्याच कामाचा तीन वर्षांचा अनुभव. वय 35 च्या आत म्हणून 2, अनुभवाचे 2, टंचाईचं क्षेत्र म्हणून 1, झाले पाच. जर्मन ए2 झालं की एक मिळून सहा पुरे. म्हणून सांगतो, क्लास आजच लावा. खर्चासाठी 2025 च्या हिशेबाने महिन्याला 1,091 युरो दाखवायचे.

आणि व्हिसा नाकारला तर पूर्वी फुकटात फेरविचाराचा अर्ज करता यायचा, ती सोय 1 जुलै 2025 पासून बंद झालीय. आता बर्लिनच्या प्रशासकीय कोर्टात जा नाहीतर नवा अर्ज आणि पुन्हा फी. नवा अर्ज करण्याआधी नकाराच्या पत्रात दिलेलं कारण नीट वाचा आणि तो कागद बदला, तीच फाइल परत दिली तर उत्तरही तेच येतं.