गेमला आठवणं वेगळं आणि पात्र तेच राहणं वेगळं

चॉइसवाल्या, म्हणजे खेळणाऱ्याच्या निवडीप्रमाणे कथा वळणाऱ्या गेममधल्या रोमान्सबद्दल बोलताना "कंटिन्युटी गंडलीये" हे वाक्य लोक दोन पार वेगळ्या तक्रारींसाठी वापरतात, मग होतं काय की एकजण बगबद्दल बोलत असतो, दुसरा लिखाणाबद्दल, आणि दोघांनाही वाटतं समोरच्याला काही कळतच नाहीये. पहिली तक्रार अशी की मी जे केलं ते गेमला आठवत नाही, म्हणजे काल रीतसर ब्रेकअप केलं आणि आज ती परत लाडात येऊन बोलतेय. दुसरी अशी की गेमला सगळं आठवतंय, पण हा माणूस तोच राहिलेला नाही, मी त्याच्या रूटवर (कथेच्या त्याच्याशी प्रेम जुळणाऱ्या फाट्यावर) गेलो म्हणून याचा स्वभाव आणि भूतकाळ दोन्ही बदलले. मी पहिलीला आठवण म्हणतो आणि दुसरीला ओळख. शास्त्रीय वगैरे नाहीयेत हे शब्द, सोयीचे आहेत.

आठवणीचं काम तसं हिशेबाचं. प्रत्येक महत्त्वाच्या चॉइसला एक फ्लॅग, म्हणजे गेमने ठेवलेली नोंद लागते, हो किंवा नाही, आणि पुढचा प्रत्येक सीन सुरू व्हायच्या आधी ते फ्लॅग तपासतो. ऐकायला सोपं आहे पण दहा हो-नाही फ्लॅग म्हटले की १०२४ कॉम्बिनेशन्स झाली, एवढे सीन कोण लिहिणार आणि टेस्ट कोण करणार, म्हणून सगळेच स्टुडिओ फाटे फोडतात आणि थोड्या वेळाने परत एका रस्त्यावर आणून सोडतात. मग आठवण दाखवायची कुठे, तर छोट्या जागी. मास इफेक्ट २ मध्ये (२०१०) शेपर्डच्या, म्हणजे आपण खेळतो त्या पात्राच्या केबिनमधल्या टेबलावर पहिल्या भागातल्या प्रेमाचा फोटो असतो, आणि या भागात तुम्ही दुसऱ्या कुणाशी जुळवलंत की तो फोटो पालथा पडलेला दिसतो. एकही डायलॉग नाही. मला तर पहिल्यांदा बघून जरा लाजच वाटली होती, गेमने काहीच न बोलता पकडलं होतं.

विचर ३ मध्ये (२०१५) हेच मोठ्याने केलंय. ट्रिस आणि येनेफर दोघींनाही प्रेमाची कबुली दिली की दोघी मिळून नायक गेराल्टला पलंगाला बांधून निघून जातात, आणि तुम्ही बसा. स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या गेममध्ये सगळ्या मुलींना किंवा सगळ्या मुलांना एकाच वेळी फिरवलं तर ते एकत्र येऊन झापतात, फक्त खिशात सशाचा पाय असला की वाचता. हे सगळं आठवणीचं काम, आणि जिथे ते नीट जमलंय तिथे खेळणाऱ्याला वाटतं वा काय लिहिलंय, खरं तर अर्धं श्रेय फ्लॅगचं असतं.

आता ओळख. इथे हिशेब कामाचा नाही, कारण यात एकही फ्लॅग चुकलेला नसतो. सगळ्यात जास्त भांडणं ज्यावर झाली ते उदाहरण घेतो, ड्रॅगन एज २ (२०११) मधला अँडर्स. त्या गेममध्ये आपलं पात्र म्हणजे हॉक, आणि हॉक पुरुष असो की बाई, मुख्य कंपॅनियन्सपैकी (सोबतच्या पात्रांपैकी) चौघांशी रोमान्स करता येतो. अँडर्सचा कार्ल नावाचा एक जुना साथीदार कथेत येतो, आणि हॉक पुरुष असेल तर अँडर्स त्याला सांगतो की कार्ल आणि आपण प्रेमात होतो. हॉक बाई असेल तर हे निघतच नाही, कार्ल नुसता मित्र वाटतो. मग प्रश्न असा की हॉक बाई असताना ते प्रेम झालेलंच नसतं, का झालेलं असतं पण सांगितलेलं नसतं? बाजू घेणारे म्हणतात, अरे माणूस प्रत्येकाला सगळं सांगत बसतो का, आणि हे बरोबरच आहे. पण लपवलंय असं वाटायला पडद्यामागे लपवलेल्याची काहीतरी खूण लागते, एखादं अडखळणं, विषय बदलणं, काहीतरी. ती खूण मला तरी दिसली नाही, त्यामुळे वाटतं की खेळणाऱ्याला बघून भूतकाळ सोयीने ठरवलाय. गंमत म्हणजे हाच अँडर्स याच मालिकेतल्या आधीच्या अवेकनिंगमध्ये (२०१०) हसरा टवाळ होता आणि इथे पार कडवा झालाय, पण ते खटकत नाही कारण त्याच्या अंगात जस्टिस नावाचा आत्मा शिरलाय हे गेम सांगतो. म्हणजे पात्र बदललं याला हरकत नाही, बदल कुठून आला हे कळलं पाहिजे.

याच्या बरोबर उलटं फेट/स्टे नाइटमध्ये आहे, २००४ ची व्हिज्युअल नॉव्हेल (चित्रांसोबत वाचत खेळायची कथा), तीन रूट, तीन नायिका (पुढे थोडा स्पॉइलर आहे, ज्यांना खेळायचंय त्यांनी हा पॅरा सोडा). पहिल्या रूटमध्ये साकुरा म्हणजे सकाळी येऊन स्वयंपाकाला मदत करणारी शांत ज्युनिअर मुलगी, बास. तिच्या घरी तिच्यावर काय गुदरतंय हे तिसऱ्या रूटमध्ये कळतं. पण ते तिसऱ्यापुरतं घडलेलं नाही, पहिल्यातही ते चालूच होतं, आपणच तिच्या इतके जवळ नव्हतो. तिसरा संपवून पहिल्याकडे परत गेलात की त्याच स्वयंपाकघरातल्या त्याच साध्या गप्पा आता पोटात गोळा आणतात, आणि तिथला शब्दही बदललेला नसतो! नायक शिरोचंही तसंच, एका रूटमध्ये तो आपल्या आदर्शाला धरून राहतो, एकात त्याच्याशी भिडतो, तिसऱ्यात साकुरासाठी सोडून देतो, आणि तिन्ही वेळा हा तोच मुलगा आहे हे पटतं कारण सुरुवातीची जखम तीच आहे. रूटप्रमाणे सत्य बदलत नाही, तुम्हाला ते कुठून दिसतं ते बदलतं.

गोंधळ होतो तो लक्षण एकीकडचं आणि रोग दुसरीकडचा असला की. बाल्डर्स गेट ३ (२०२३) आला तेव्हा सगळेजण म्हणत होते की त्यातला गेल हा कंपॅनियन किती चिकट आहे, जरा गोड बोललं की लगेच अंगावर येतो, काय कॅरेक्टर लिहिलंय. वाटत होतं ओळखीचा प्रॉब्लेम. नंतर डेव्हलपरकडूनच सांगण्यात आलं की अप्रूव्हलचे (पात्राला तुम्ही किती आवडलात की पुढचा सीन उघडायचा त्याचे) आकडे चुकून खूप खाली सेट झाले होते, म्हणजे तो जे सीन बऱ्याच ओळखीनंतर करणार होता ते आधीच करत होता. लिखाण ठीक होतं, हिशेब चुकला होता. म्हणून माझी साधी टेस्ट अशी, एखादा आकडा किंवा फ्लॅग बदलून दुखणं जात असेल तर ती आठवण, आणि सीन परत लिहायलाच लागत असेल तर ती ओळख.

आणि एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही. ड्रॅगन एज: द व्हेलगार्डमध्ये (२०२४) आधीच्या गेम्समधल्या ढीगभर निर्णयांपैकी फक्त तीनच पुढे आणता येतात, त्यातला एक म्हणजे इन्क्विझिटरचं (आधीच्या भागातल्या खेळणाऱ्याच्या पात्राचं) प्रेम कुणाशी होतं. आठवण इतकी आखूड केली म्हणून लोक चिडले, आणि चिडणं रास्तच आहे, पण जुनं पात्र त्यात नीट लिहिलंय की नाही हा प्रश्न त्याने सुटत पण नाही आणि बिघडत पण नाही, तो वेगळाच पडतो.

मी स्वतः एकदा रेनपाय या व्हिज्युअल नॉव्हेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये छोटासा गेम करायला घेतला होता, दोन रूट, एक डॉक्टर आणि एक चित्रकार. फ्लॅग सगळे चोख, एकदाही गेम विसरला नाही, मी खूश. मग एका मैत्रिणीने लागोपाठ दोन्ही रूट खेळले आणि विचारलं, डॉक्टरच्या रूटमध्ये डॉक्टर म्हणते वडिलांशी बरीच वर्षं बोलणं नाही, आणि चित्रकाराच्या रूटमध्ये तीच बाई जिन्यात उभी राहून रोज रात्री वडिलांना फोन लावते, नक्की काय? मला उत्तर नव्हतं, दोन सीन दोन वेगळ्या महिन्यांत लिहिले होते आणि जिना छान दिसतो म्हणून तिला तिथे उभी केली होती. फोन काढून टाकणं सोपं होतं. पण मी दोन्ही ठेवले आणि डॉक्टरच्या रूटमध्ये शेवटाकडे एक ओळ घातली: ती रोज लावते, ते उचलत नाहीत. चित्रकाराच्या रूटमध्ये आपण जिन्याच्या खालीच असतो, पलीकडे नुसती रिंग वाजतेय हे तिथून ऐकू येत नाही.