हजेरीची वही : सोलापूरच्या सेटलमेंटमागचा इतिहास

सोलापुरात रिक्षावाल्याला 'सेटलमेंट' एवढंच सांगितलं तरी पुरतं. इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना कुंपणात आणून वसवलं, ती ही वस्ती. 'सेटलमेंट फ्री कॉलनी नंबर अमुक' हा पत्ता आधार कार्डावर असतो, शाळेच्या दाखल्यावर असतो, लग्नपत्रिकेवरही असतो. तीनेक वर्षांपूर्वी मी मोबाईल हरवल्याची तक्रार द्यायला एका पोलीस ठाण्यात गेलो होतो. माझ्या पुढे एक बाविशीतला पोरगा उभा होता. त्याची मोटरसायकल चोरीला गेली होती. गाडीचा नंबर, रंग, कुठे लावली होती, सगळं लिहून झालं. मग "राहायला कुठं?" "सेटलमेंट." पोलिसाने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "तुझ्या नावावर आधी काही आहे का? वडिलांच्या?" पोरगा फिर्याद द्यायला आला होता. माझा नंबर आला तेव्हा मला फक्त मोबाईलचा आयएमईआय नंबर विचारला.

हा प्रश्न त्या पोलिसाच्या मनातून आपोआप आला नव्हता. त्याच्यामागे दीडशे वर्षांचा कायदा आहे.

1836 साली कंपनी सरकारने ठगांविरुद्ध एक कायदा केला. त्यात प्रत्यक्ष खून किंवा लूट केल्याचं सिद्ध करायची गरज उरली नाही. माणूस ठगांच्या टोळीतला आहे एवढं ठरलं की जन्मठेप. 'काय केलं' याच्या जागी 'कोण आहेस' हा प्रश्न कायद्यात आला तो इथे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तो टोळीवरून अख्ख्या जातीवर नेला. हा कायदा आणताना केलेला युक्तिवाद सोलापूरकराने जरूर ऐकावा : हिंदुस्थानात धंदा जातीने चालतो, विणकराचा मुलगा विणकर होतो, सुताराचा सुतार, तेव्हा पिढीजात गुन्हेगारांचीही जात असलीच पाहिजे. ज्या शहराचं पोट मागावर चाललं, त्याच्या वाट्याला विणकराचीच उपमा आली.

इंग्लंडमध्येही त्याच सुमारास, 1869 आणि 1871 साली, सराईत गुन्हेगारांवर नजर ठेवणारे कायदे झाले, त्यांची नोंदवही ठेवायला सुरुवात झाली. तिकडच्या वहीत नाव चढायला आधी कोर्टात शिक्षा व्हावी लागे. इकडच्या वहीत नाव चढायला जन्माला येणं पुरेसं होतं. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की त्या निर्णयाला कोर्टात आव्हानही देता येत नसे.

आधी हा कायदा उत्तरेपुरता होता. 1911 च्या दुरुस्तीने तो मुंबई इलाख्याला लागू झाला आणि सोलापूरची सेटलमेंट त्यातूनच उभी राहिली. कैकाडी, टकारी, पारधी, मांग गारुडी, कंजारभाट अशा जमातींची कुटुंबं तारेच्या कुंपणात आणून वसवली. बोटांचे ठसे घ्यायचे, नोंद करायची, ठरल्या वेळी हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर पास काढायचा. हजेरी चुकली तर तोच गुन्हा. ठराविक गुन्ह्यात दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर किमान सात वर्षं, तिसऱ्यांदा झाली तर काळ्या पाण्याची जन्मठेप. सहा ते अठरा वयाच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या शाळेत ठेवण्याचा अधिकारही 1911 च्या कायद्यात होता. मला त्यातलं हे कलम सर्वांत वाईट वाटतं, कारण बाकीची कलमं चोराची भीती दाखवून मांडता आली, या कलमाला तेही निमित्त नव्हतं.

सेटलमेंटसाठी सोलापूरच का, याचं उत्तर गिरण्यांत आहे. इथे कापडगिरण्या होत्या, त्यांना माणसं हवी होती. सेटलमेंटमधली माणसं भोंग्यावर कामाला जायची आणि सुटी झाली की परत तारेच्या आत यायची. ज्यांची वागणूक अधिकाऱ्यांना पटली त्यांना परवान्यावर कुंपणाबाहेर राहू द्यायचे. ती 'फ्री कॉलनी'. आजच्या पत्त्यातला 'फ्री' हा शब्द तिथून आला आहे. पत्ता सांगणाऱ्या माणसाचा पणजोबा परवाना मिळवून बाहेर आला होता, एवढं त्या एका शब्दात साठून राहिलंय.

याच काळात पोलिसांच्या हाती नवं साधन आलं होतं. बोटांच्या ठशांचं वर्गीकरण कलकत्त्यात झालं. एडवर्ड हेन्रींच्या नावाने ती पद्धत जगभर गेली, पण तिचं गणित बसवलं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी. 1897 साली कलकत्त्यात ठशांचं कार्यालय निघालं, स्कॉटलंड यार्डात 1901 साली. म्हणजे संशयिताची नोंद ठेवायची विद्या आपल्याकडून लंडनला गेली.

फ्रान्समध्येही 1912 साली फिरस्त्यांसाठी असाच कायदा झाला. शरीराची मापं, फोटो आणि ठसे असलेली वही त्यांनी कायम जवळ बाळगायची आणि गावोगाव पोलिसांकडून शिक्का मारून घ्यायचा. ती वही 1969 साली गेली, तिच्या जागी दुसरी आली, आणि तीही पूर्णपणे जायला 2017 उजाडलं. फिरत्या माणसाचा संशय ही काही आपल्याच मातीतली गोष्ट नाही.

1936 साली नेल्लोरला बोलताना जवाहरलाल नेहरूंनी हा कायदा म्हणजे नागरी स्वातंत्र्याचा इन्कार आहे, असं म्हटलं होतं. स्वातंत्र्यानंतर अनंतशयनम अय्यंगार समितीने तो रद्द करायची शिफारस केली आणि 31 ऑगस्ट 1952 रोजी तो देशभरातून गेला. भटके आणि या कायद्यातून सुटलेले 'विमुक्त' हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. नेहरूंनी सोलापुरात येऊन तार तोडली, ही आठवण वस्तीतली म्हातारी माणसं अजून अभिमानाने सांगतात.

तार गेली. पण मुंबई राज्याने 1959 साली सराईत गुन्हेगार कायदा केला, इतर राज्यांनीही तसेच केले. कागदावर जातीचं नाव नव्हतं, पण ठाण्यातल्या जुन्या वहीतली नावं तीच होती. शिवाय 'चॅप्टर केस' होतीच. सवयीने चोरी करणारा आहे असं वाटलं की चांगल्या वर्तनाचा जामीन घ्यायचा. हे कलम फौजदारी प्रक्रिया संहितेत 110 क्रमांकाचं होतं, जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेत ते 129 झालं. महाराष्ट्र पोलीस कायद्यात तडीपारी आहे, आणि सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत संशयास्पद फिरताना सापडलं तर धरायचं 122 वं कलमही आहे. रात्री फिरताना कोण संशयास्पद दिसतं, हे कलमात लिहिलेलं नाही. ते जुन्या वहीत पाहून ठरतं.

संशयाची ही वही आपल्या भाषेतही आहे. 'भामट्याने दागिने लांबवले', 'बसस्थानकावर भामटा पकडला' असे मथळे मराठी वर्तमानपत्रांत रोज असतात. भामटा हे जमातीचं नाव आहे. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत ते आहे. एखाद्या मुलाच्या जातीच्या दाखल्यावर जो शब्द, तोच सकाळच्या पेपरात चोरासाठी. एवढी एक गोष्ट तरी संपादकांना उद्यापासून बदलता येईल, त्याला कुठला कायदा लागत नाही.

संशय पोलिसांपुरता राहिला नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. मंगळवेढा तालुक्यातून भिक्षा मागत बाहेर पडलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ही माणसं होती. मुलं पळवणारी टोळी आलीय, अशी मोबाईलवर फिरलेली अफवा एवढाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा होता.

कोर्टांनाही कळायला वेळ लागला. 2003 सालच्या नाशिकच्या एका दरोडा आणि खुनाच्या प्रकरणात भटक्या जमातीच्या सहा मजुरांना सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली फाशीची शिक्षा ठोठावली आणि 2019 साली त्याच न्यायालयाने सहाही जण निर्दोष ठरवले. तोवर सोळा वर्षं तुरुंगात गेली होती. भरपाई ठरली प्रत्येकी पाच लाख.

परदेशात ही लढाई रस्त्यावरच्या झडतीवरून झाली. लंडनमध्ये 1824 च्या भटकंतीविरोधी कायद्याखाली निव्वळ संशयावरून धरता येई आणि धरली जायची ती मुख्यतः काळी पोरं. 1981 साली ब्रिक्स्टनमध्ये दंगल झाली आणि त्याच वर्षी ते कलम गेलं. न्यूयॉर्कमध्ये 2011 या एका वर्षात पोलिसांनी सुमारे 6 लाख 85 हजार वेळा लोकांना रस्त्यात थांबवलं. दहातले जवळजवळ नऊ जण निर्दोष निघाले, आणि निम्म्याहून जास्त काळे होते. 2013 साली तिथल्या फेडरल न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. लंडन पोलिसांनी 2012 पासून टोळ्यांतल्या तरुणांची संगणकीय यादी ठेवली होती. तीत काळ्या तरुणांची नावं बेसुमार होती, त्यावर वाद झाला आणि 2024 साली ती यादी बंद करावी लागली.

आपल्याकडे 2008 साली राष्ट्रीय भटके-विमुक्त आयोगाने सराईत गुन्हेगार कायदे रद्द करा, अशी शिफारस केली. आयोगाचे अध्यक्ष बाळकृष्ण रेणके आपल्या सोलापूरचेच. मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिस्ट्रीशीटबद्दल, म्हणजे ठाण्यात ठेवलेल्या सराईतांच्या नोंदींबद्दल, पोलिसांना बजावलं की मागास समाजातल्या निरपराध माणसांची नावं सरसकट त्यात घालू नका. 3 ऑक्टोबर 2024 च्या निकालात तुरुंगातली जातीवरून कामं वाटणं घटनाबाह्य ठरलं. विमुक्त जमातींना सराईत मानणारे तुरुंग नियमही त्याच निकालाने गेले.

पोलीस हे काम वेगळ्या रीतीने करू शकतात, हे याच जिल्ह्यात दिसलं. 2021 साली सोलापूर ग्रामीणच्या पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केलं. मुळेगाव तांड्यासारख्या हातभट्टीच्या ठिकाणी धाड टाकून भट्टी फोडायची, आठवड्याने ती पुन्हा पेटायची, हा वर्षानुवर्षांचा क्रम होता. त्याऐवजी एकेका अधिकाऱ्याने एकेक गाव घेतलं, लोकांशी बोलून दुसरा धंदा, कर्ज, प्रशिक्षण यांच्या मागे लागायचं ठरवलं. या उपक्रमात पोलिसाने तांड्यावर विचारलेला पहिला प्रश्न 'पोट कशावर चालतं' हा होता.

दुसऱ्या बाजूला 2022 चा फौजदारी प्रक्रिया ओळख कायदा आहे. 1920 च्या जुन्या कायद्याच्या जागी तो आला. अटक झालेल्या माणसाचे ठसे, डोळ्यांच्या बुबुळाची नोंद, सही, सगळं घेता येतं आणि ते 75 वर्षं साठवून ठेवायची सोय आहे. आधी शिक्षा नसलेला माणूस निर्दोष सुटला तर नोंद पुसायची, असं कलम त्यात आहे. पण ती पुसली का, हे विचारायला मागे लागणारा वकील परवडावा लागतो. आज बावीस वर्षांच्या पोराला कोंबिंगमध्ये उचललं, तर त्याची नोंद त्याच्या सत्त्याण्णवाव्या वर्षापर्यंत राहू शकते.

मोटरसायकलवाल्या पोराने त्या दिवशी वडिलांचं नाव सांगितलं, आजोबांचंही सांगितलं. ते गिरणीत होते, असंही पुढे म्हणाला, कुणी विचारलं नसताना.