लँकेस्टरची बग्गी राइड: घोडागाडी तिथे टिकली कशी आणि पर्यटक तिच्यात बसायला लागले कधी

न्यू जर्सी, फिलाडेल्फियाकडच्या आपल्या बऱ्याच मराठी घरांची एक ठरलेली डे ट्रिप असते, भारतातून आईबाबा आले की त्यांना घेऊन पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीला जायचं, अमिश लोकांची (मोटार आणि दिखावा टाळून साधेपणाने राहणारा ख्रिस्ती पंथ) शेतं बघायची, बग्गीत म्हणजे त्यांच्या घोडागाडीत बसायचं आणि येताना जॅमच्या बरण्या घेऊन यायच्या. आल्यावर सगळे खूश असतात, पण दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक म्हणजे गाडीवानाने स्वतःचा फोटो काढू दिला नाही आणि दुसरी म्हणजे रविवारी गेलो तर निम्मी दुकानं बंद. मला मनापासून वाटतं की या लोकांची मागची गोष्ट थोडी तरी माहीत असेल तर तक्रारीच राहणार नाहीत, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

सुरुवात युरोपात होते. १५२५ मध्ये झुरिकमध्ये काही लोकांनी ठरवलं की बाप्तिस्मा लहान बाळाला द्यायचा नाही, माणूस मोठा झाल्यावर स्वतःच्या मर्जीने घेईल तोच खरा. आज वाचताना यात काय एवढं असं वाटेल, पण चर्च आणि सरकार दोघांच्याही मुळावर येणारी गोष्ट होती ती, आणि १५२७ मध्ये त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झ याला झुरिकच्याच लिमाट नदीत बुडवून मारलं. पुढे १६९३ मध्ये याच पंथातल्या याकोब अमान नावाच्या नेत्याने आणखी कडक शिस्तीचा आग्रह धरला, त्यावरून फूट पडली आणि त्याच्या मागे गेले ते अमिश. विल्यम पेनच्या वसाहतीत धर्माचं स्वातंत्र्य होतं म्हणून अठराव्या शतकात ही कुटुंबं जहाजांनी पेनसिल्व्हेनियात यायला लागली. छळ सोसून आलेली माणसं आहेत ही, जगापासून थोडं लांब राहायचं हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं आहे.

आता बग्गीचं. लोकांना वाटतं बग्गी म्हणजे अमिशांची अगदी मूळची वस्तू, पण तसं नाहीये. सुरुवातीला ते चालत किंवा घोड्यावर बसून जायचे, हलक्या घोडागाड्या नंतर एकोणिसाव्या शतकात आल्या, आणि तेव्हा त्यांच्याबद्दलही कुरबुर होतीच! १८३७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या अमिश पुढाऱ्यांनी जे नियम लिहून काढले त्यात घराच्या भपक्याबरोबर दोन रंगांत रंगवलेल्या गाड्यांनाही मनाई केली होती. म्हणजे दिखावा नको हा मुद्दा मोटारगाडी यायच्या खूप आधीपासूनचा आहे. आजही लँकेस्टरच्या बग्ग्या राखाडी, ओहायोत बहुतेक काळ्या, आणि पेनसिल्व्हेनियातल्याच बिग व्हॅलीमध्ये एका गटाच्या पांढऱ्या तर दुसऱ्याच्या चक्क पिवळ्या. जाणकार माणूस नुसता गाडीचा टप बघून सांगतो कोण कुठल्या गटातला.

१९०८ मध्ये फोर्डची मॉडेल टी आली आणि खरा प्रश्न उभा राहिला, कारण तोपर्यंत अमिश आणि शेजारी सगळेच घोडागाडीतून फिरत होते, वेगळेपण असं काही नव्हतंच. लँकेस्टरच्या अमिशांनी त्याच सुमाराला घरात टेलिफोन नको आणि स्वतःच्या मालकीची मोटार नको असं ठरवलं. यात गाडी पापी आहे असं कोणी म्हणत नव्हतं, भाड्याच्या गाडीत बसायला आजही चालतं, लांब जायचं असेल तर ड्रायव्हरसकट व्हॅन बोलावतात. मुद्दा असा की त्यांच्यात चर्चची वेगळी इमारत नसते, पंचवीस-तीस-चाळीस कुटुंबांचा एक गट असतो आणि दर दुसऱ्या रविवारी कोणाच्या तरी घरी प्रार्थना होते (रविवार देवाचा, म्हणूनच त्या दिवशी त्यांची दुकानं बंद). घोड्याने जाता येईल एवढ्या अंतरात सगळे राहिले तरच हे जमतं. मोटार आली की माणसं पांगणार हे त्यांना तेव्हाच दिसलं होतं, आणि मला तरी हा निर्णय फार विचारपूर्वक घेतलेला वाटतो.

गंमत म्हणजे ती बग्गी जुनाट अजिबात नाही. आजच्या लँकेस्टरच्या बग्गीची बॉडी बऱ्याचदा फायबरग्लासची असते, हायड्रॉलिक ब्रेक असतात, बॅटरीवरचे दिवे आणि इंडिकेटर असतात आणि मागे तो मोठा नारिंगी त्रिकोण, हळू चालणारं वाहन आहे हे सांगणारा. पुढचा घोडा बहुतेक वेळा स्टँडर्डब्रेड जातीचा, रेसकोर्सवरून रिटायर झालेला, त्या शर्यतीत हलकी गाडी ओढतच पळायचं असतं त्यामुळे त्याला जू नवीन नसतं. ताशी पंधरा किलोमीटरच्या आसपास दुडक्या चालीने जातो. रस्त्याकडे नीट बघितलं तर नालांनी डांबर झिजून पडलेला पट्टा पण दिसतो.

पर्यटक कधी आले? १९३७ च्या सुमाराला लँकेस्टर काउंटीतल्याच ईस्ट लॅम्पेटरमध्ये एकखोली शाळा बंद करून मोठी शाळा बांधायचं ठरलं, अमिशांनी विरोध केला आणि न्यूयॉर्क, फिलाडेल्फियाच्या पेपरांत त्यांच्या बातम्या झळकल्या. (शाळेचाच दुसरा, विस्कॉन्सिन राज्यातला वाद पुढे सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९७२ मध्ये आठवीपर्यंतच शिकायचा त्यांचा हक्क मान्य झाला.) १९५५ मध्ये ब्रॉडवेवर अमिशांवर संगीत नाटक आलं, त्याच वर्षी रूट ३० वर अमिश घर दाखवणारं पर्यटनस्थळ सुरू झालं, मग मोटेल, बसटूर आणि पैसे देऊन बग्गीत फिरवणारे धंदे. १९८५ मध्ये हॅरिसन फोर्डचा सिनेमा आल्यावर तर गर्दी आणखी वाढली. यातलं जवळपास काहीच अमिशांनी मागितलं नव्हतं. मात्र जमिनीचे भाव चढत गेले, प्रत्येक मुलाला शेत देणं परवडेना, तेव्हा गोधड्या, फर्निचर, रस्त्याकडेचे भाजीचे स्टॉल यावर बऱ्याच घरांचं चालायला लागलं आणि हेच पर्यटक गिऱ्हाईक झाले.

म्हणून राइडला गेलात की आधी हे समजून घ्या की सगळ्या राइड कंपन्या अमिशांच्या नसतात, गाडीवान अमिश असेल, मेनोनाइट (अमिशांसारख्याच मुळातून आलेला ख्रिस्ती पंथ) असेल किंवा साधा बाहेरचा माणूस पण असेल. पर्यटकांची गाडी घरच्या बग्गीपेक्षा मोठी, आठ-दहा माणसं बसतील अशी असते. बर्ड-इन-हँड किंवा स्ट्रासबर्ग या तिथल्या गावांच्या बाजूला मेन रोड सोडून आत वळलं की मोटारींचा आवाज मागे पडतो, टापा ऐकू येतात, शेणखताचा वास येतो, शेतात खेचरं जुंपलेली दिसतात, तारेवर वाळत घातलेले बिननक्षीचे एकरंगी कपडे दिसतात. काही राइड एखाद्या शेतावर थांबतात, तिथे घरची मुलं कुकीज आणि रूट बिअर (नावात बिअर असली तरी बिनदारूचं गोड पेय) विकतात. वीज कशी चालते, लग्न कधी होतात, बिनधास्त विचारा, बहुतेक गाडीवान आनंदाने सांगतात. फोटोसाठी पोझ मात्र मागू नका, मूर्ती करू नये ही बायबलची आज्ञा आणि स्वतःला मिरवू नये ही शिकवण दोन्ही त्यामागे आहेत. शेताचा, घोड्याचा फोटो चालतो. मुलांचे चेहरे झूम करून काढणारे आपले लोक मी बघितलेत आणि फार वाईट वाटतं ते बघून. आणि स्वतःच्या गाडीने फिरताना पुढे बग्गी दिसली तर हॉर्न मारू नका, घोडा बुजतो, समोरचं स्पष्ट दिसेपर्यंत मागेच राहा आणि मग भरपूर अंतर ठेवून पुढे जा, तिथल्या टेकाडांच्या रस्त्यांवर मागून येणाऱ्या मोटारींच्या धडकेने खूप अपघात झालेत.